सार्वजनिक ग्रंथालये, ऑनलाइन साधने आणि शिकण्याचे वय

तालुक्याच्या गावातल्या जुन्या वाचनालयात दुपारच्या वेळी गेले, तर एका छपराखाली दोन वेगळी दालने दिसतात. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांची लाकडी टेबले, देवघेवीचा काउंटर, कपाटांत कादंबऱ्या आणि चरित्रे. मागच्या खोलीत किंवा माडीवर अभ्यासिका. तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली कानात इअरफोन घालून मोबाइलवर व्याख्याने पाहत असतात आणि वहीत टिपणे काढत असतात. म्हणजे शिकणे ऑनलाइनच चालले आहे, तेही ग्रंथालयात बसून. पण त्यात ग्रंथालयाचा वाटा खुर्ची, पंखा आणि शांतता एवढाच. मोबाइल मुलांचा, डेटापॅक मुलांचा, व्याख्यान कुणा खासगी क्लासचे.

सार्वजनिक ग्रंथालयांच्या ऑनलाइन साधनांतून कोणत्याही वयाच्या माणसाला शिकता यावे, ही कल्पना आता कुणाला नवी वाटत नाही. ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांत आणि सरकारी धोरणांत ती सतत मांडली जाते. पण साधने म्हणजे नेमकी कोणती, ती कुणी द्यायची, त्यांतून शिकणे खरोखर घडते का आणि खर्च कुणाच्या माथी, या प्रश्नांवर मते वेगवेगळी आहेत. महाराष्ट्र नजरेपुढे ठेवून या चर्चेचा हा आढावा.

मागची वाट

मराठी मुलखातल्या ग्रंथालयांचा वारसा जुना आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. आरंभी यांतली बहुतेक ग्रंथालये इंग्रज अधिकारी आणि इंग्रजी शिकलेल्या मोजक्या मंडळींसाठी होती. पुढे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबईचे १८९८ साली निघाले. मराठी वाचकाला मराठी पुस्तक मिळावे, हा त्यांचा उघड उद्देश होता.

शाळेबाहेरच्या माणसाचे शिक्षण ग्रंथालयातून व्हावे, हा विचार राज्यकारभाराच्या पातळीवर नेला तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि गावोगावी वाचनालये व फिरत्या पेट्या यांची व्यवस्था उभी केली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा. त्याने ग्रंथालय संचालनालय आणि राज्य ग्रंथालय परिषद यांना कायद्याचा आधार दिला आणि स्थानिक संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता व अनुदान देण्याची पद्धत घालून दिली. काही राज्यांच्या कायद्यांत ग्रंथालय कर आहे, आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे इथली अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालये अ, ब, क, ड या वर्गांनुसार मिळणारे सरकारी अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवर चालतात.

प्रौढ शिक्षणाचा धागा वेगळाच विणला गेला. साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर गेली. गावेच्या गावे साक्षर झाल्याचे सोहळे झाले. पण नवसाक्षराच्या हाती पुढे वाचायला काही पडले नाही, की तो पुन्हा अक्षरांपासून दुरावतो, हा त्या काळातला धडा आजच्या चर्चेतही लागू पडतो. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि वय उलटलेल्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला पदवीची वाट मोकळी झाली. मात्र मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे महाविद्यालयांत गेली, गावच्या वाचनालयात नाही. ग्रंथालय आणि प्रौढ शिक्षण ही दोन खाती आजतागायत शेजारी शेजारी चालली, एकत्र आली नाहीत. ऑनलाइन साधनांबाबतचा बराच गोंधळ या जुन्या दुराव्यातून आला आहे, असे मला वाटते.

आज हाताशी काय आहे

मराठी माणसाला आज फुकट उपलब्ध असलेले साहित्य थोडे नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश संकेतस्थळावर वाचता येतो. राज्य मराठी विकास संस्थेने दोलामुद्रिते, म्हणजे मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेतली दुर्मिळ पुस्तके, संगणकावर आणली आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा संग्रह आहे. पणजीच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाने, ज्याची परंपरा १८३२ पर्यंत जाते, जुन्या वर्तमानपत्रांचे संगणकीकरण केले आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके उतरवून घेता येतात. केंद्राच्या पातळीवर खरगपूर आयआयटीने उभारलेले आणि २०१८ साली देशाला खुले झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, २०१७ चे ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ हे शैक्षणिक मंच आहेत. दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे.

या यादीकडे नीट पाहिले, की एक गोष्ट जाणवते. यांतले बहुतेक काही गावच्या वा शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाने दिलेले नाही. ते मंडळांनी, संस्थांनी, आयआयटीने, मंत्रालयाने दिले आहे. वाचकाला तिथे जायला ग्रंथालयाचा सभासद असण्याची गरज नाही, आणि अनेकदा ग्रंथालयालाही त्याचा पत्ता नसतो.

अमेरिका, ब्रिटन वा सिंगापूरमध्ये चित्र उलटे आहे. तिथे गावातला रहिवासी असल्याच्या पुराव्यावर ग्रंथालयाचे कार्ड मिळते आणि त्या कार्डाच्या क्रमांकावर घरबसल्या ई-पुस्तके, बोलकी पुस्तके, वर्तमानपत्रांचे संग्रह, भाषा शिकण्याचे धडे, नोकरीच्या परीक्षांचे सराव संच उघडतात. पैसे ग्रंथालय भरते आणि सदस्याला काही द्यावे लागत नाही. न्यू जर्सीत वा कॅलिफोर्नियात मुलाकडे राहायला गेलेले आपल्याकडचे आजी-आजोबा या कार्डाचे कौतुक करत परततात, ते उगाच नाही. २०१० साली तिथे प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत, चौदा वर्षांवरील जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी, म्हणजे ७ कोटी ७० लाखांनी, आदल्या वर्षात ग्रंथालयातला संगणक किंवा वाय-फाय वापरल्याचे आढळले. आपल्या शेजारी कर्नाटकाने २०२० साली राज्याचे डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय सुरू केले आणि ते सार्वजनिक ग्रंथालय खात्याच्याच अंगाने उभे राहिले. त्या राज्याच्या १९६५ च्या कायद्यात ग्रंथालय कर आहे, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

खुले केले की पुरे?

चर्चेतला पहिला पक्ष म्हणतो, साधन खुले करा, शिकणारा आपला मार्ग काढतो. या मताला बळ मिळाले ते शिक्षण-संशोधक सुगाता मित्रांच्या प्रयोगाने. १९९९ साली दिल्लीत कालकाजीच्या वस्तीलगत भिंतीत बसवलेल्या संगणकावर मुले कुणी न शिकवता हात बसवू लागली, याची जगभर चर्चा झाली. या पक्षाचा दुसरा मुद्दा प्रौढांबद्दल आहे आणि तो वजनदार आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला वर्गात बसायची लाज वाटते, परीक्षेची धास्ती वाटते. घरात, रात्री, आपल्या वेगाने, कुणाला न सांगता शिकता येणे ही त्याच्यासाठी मोठी सुटका असते. जे पन्नाशीत पहिल्यांदा इंग्रजी वाक्ये म्हणून पाहतात, त्यांना ते कुणी ऐकू नये असेच वाटते.

दुसरा पक्ष म्हणतो, साधन आणि शिकणे यांच्या मध्ये माणूस लागतो. कालकाजीच्या प्रयोगावरच मार्क वॉर्शावर यांच्यासारख्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला होता: मुलांच्या भाषेतला मजकूर तिथे फारसा नव्हता, मार्गदर्शन नव्हते आणि बराच वेळ चित्रे काढण्यात व खेळ खेळण्यात गेला. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अनुभवही या पक्षाच्या बाजूने मांडला जातो. एमआयटी आणि हार्वर्डच्या अशा अभ्यासक्रमांवर २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांनी धड्यात कधी पाऊलच टाकले नाही आणि २०१७-१८ मध्ये शेवटपर्यंत पोचलेले ३ टक्क्यांच्या आसपास होते.

यावर पहिल्या पक्षाचे उत्तर असे, की शेवट गाठणे हे मोजमापच चुकीचे आहे. ज्याला ठिबक सिंचनातला दाब समजून घ्यायचा आहे, तो एक प्रकरण वाचून उठतो आणि त्याचे काम झालेले असते. ग्रंथालयात संदर्भग्रंथ कोण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो? हे उत्तर मला पटते, पण अर्धेच. दाब समजून घ्यायचा आहे हे ज्याला कळले आहे, त्याचे निम्मे शिक्षण आधीच झालेले असते. ज्याला काय विचारायचे तेच उमगत नाही, त्याच्यासाठी शोधाचा रिकामा चौकोन भिंतीसारखा असतो. तिथे संदर्भ विभागातला चांगला ग्रंथपाल पूर्वी जे करायचा, वाचकाशी बोलत बोलत त्याचा प्रश्न घडवायचा, ते काम कुणीतरी करावे लागते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा असे म्हटले आहे. तो ग्रंथ आपोआप मिळत नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

तिसरा पक्ष या दोघांपेक्षा वेगळ्या जागी उभा आहे. तो म्हणतो, आधी छप्पर दुरुस्त करा, पुस्तके घ्या, ग्रंथपालाला जगण्यापुरता पगार द्या. राज्य सरकारने २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली. तरी ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वर्षाचे अनुदान लाखाच्या आतच राहिले आणि त्यातूनच पगार, पुस्तके, वीजबिल. अशा ठिकाणी डिजिटल सेवेची भाषा करणे म्हणजे जबाबदारी ढकलणे, असे ग्रंथालय चळवळीतले कार्यकर्ते म्हणतात. कागदावरच्या वाचनाच्या बाजूनेही पुरावा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ५४ अभ्यास आणि सुमारे १ लाख ७१ हजार वाचक तपासले गेले. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा किंचित अधिक समजतो, आणि वेळेचे बंधन असले की फरक वाढतो, असे त्यात दिसले. फरक लहान आहे. ज्याच्या गावात कागदावरचे पुस्तकच नाही, त्याच्यासाठी ही तुलना निरर्थक ठरते, हेही खरे.

मालकी की परवाना

छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेते आणि पाने सुटेपर्यंत देत राहते. ई-पुस्तक बहुधा विकत मिळत नाही, परवाना मिळतो. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने अमेरिकी ग्रंथालयांना सांगितले, की ई-पुस्तक २६ वेळा दिले गेले की परवाना संपला, पुन्हा घ्या. २०१९ च्या नोव्हेंबरात मॅकमिलनने नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालयाला एकच प्रत देण्याचा नियम केला. ग्रंथपालांनी बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये तो नियम मागे घेतला गेला. छापील प्रत आपल्याकडे आहे, तर तिची स्कॅन केलेली प्रत एका वेळी एकालाच का देऊ नये, ही इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहाची भूमिका अमेरिकी न्यायालयांनी २०२३ आणि २०२४ साली फेटाळली. लेखक-प्रकाशकांची बाजू साधी आहे: फुकट प्रत घरबसल्या मिळाली, तर विकत कोण घेणार? मराठीत छोट्या आवृत्त्यांवर तगणाऱ्या प्रकाशकाच्या तोंडी हा प्रश्न अधिक खरा वाटतो.

भारताच्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांचे झाले. पु. ल. देशपांड्यांचे लेखन २०६० सालच्या अखेरपर्यंत हक्काधीन राहील. २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली. ती प्रत घरी बसलेल्या सभासदाला पाठवता येते का, हे त्यातून स्पष्ट होत नाही.

याचा शिकण्यावर थेट परिणाम होतो, आणि त्याकडे फारसे कुणी लक्ष दिलेले नाही. मराठीत निर्धास्तपणे खुले करता येते ते मुख्यतः जुने साहित्य. ललितवाचनासाठी, संशोधनासाठी ते सोन्यासारखे आहे. पण ज्याला आज हिशेब ठेवायला, रुग्णाची शुश्रूषा करायला, मोटार दुरुस्त करायला किंवा संगणक चालवायला शिकायचे आहे, त्याला साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे पुस्तक काय उपयोगाचे? त्याला हवे ते आजचे, मराठीतले आणि विश्वासार्ह. हा कप्पा सर्वांत रिकामा आहे.

मराठीत शोधताना

साधन आहे, हक्काची अडचण नाही, तरी सापडत नाही, अशीही अवस्था आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात देशभरातली लाखो पुस्तके स्कॅन झाली, त्यांत मराठीही भरपूर. मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले आणि त्यातली मोठी रास इंटरनेट अर्काइव्हवर राहिली. तिथे अनेक मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, एका यांत्रिक लिप्यंतराच्या पद्धतीने घातलेली आहेत: स्वर दुप्पट केलेले, मध्येच अवतरणचिन्हे. देवनागरीत नाव टाइप करणाऱ्याला ती दिसत नाहीत, आणि साध्या रोमन स्पेलिंगने शोधणाऱ्यालाही नाहीत.

पुस्तक उघडले तरी आतला मजकूर शोधता येईलच असे नाही. पान नुसते छायाचित्र असते. अक्षरओळख करणारी प्रणाली चालवली, तर जुन्या खिळ्यांची जोडाक्षरे तिला चकवतात. त्यात भर आपल्या शुद्धलेखनाच्या इतिहासाची. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘कांहीं’ आणि ‘नाहीं’ आहे, आज वाचक ‘काही’ आणि ‘नाही’ टाइप करतो. यंत्राला हे दोन वेगळे शब्द वाटतात. संगणकावर मराठी आल्यानंतरची पहिली काही वर्षे निरनिराळ्या खासगी फाँटांत गेली, त्या फाइली आज उघडल्या तर अक्षरांचा काला दिसतो. हे सगळे सुटण्याजोगे आहे. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची संगणक नसताना केली. तशी नावानिशी, विषयवार सूची डिजिटल संग्रहांसाठी व्हायला हवी, हे ग्रंथपालांना पक्के ठाऊक आहे. सूचीकाराची नेमणूक मात्र कुठल्या प्रकल्पात दिसत नाही, स्कॅनर तेवढे दिसतात.

कोणते वय, कोणाचे

‘कोणत्याही वयात’ हे शब्द बोलायला सोपे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्के होते. ही पाहणी मुख्यतः पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या लोकांची. साठीपुढच्यांचे काय असेल, याचा अंदाज करता येतो. त्यानंतर स्मार्टफोन झपाट्याने पसरले, पण घरात फोन असणे आणि तो घरातल्या बाईच्या हाती दुपारी तासभर असणे यांत अंतर आहे. ज्येष्ठांची अडचण वेगळी: ओटीपी, पासवर्ड आणि आपल्या हातून काही चुकेल, पैसे जातील, ही भीती. ती भीती खोटी नाही.

केंद्राच्या पातळीवर मुलांसाठी बरेच झाले. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात बालक-किशोरांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय ई-पुस्तकालय आले. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘उल्लास’ हा कार्यक्रम आहे. या दोन टोकांच्या मध्ये, शाळा सोडून पंचवीस वर्षे झालेला, अक्षरे येणारा, शिकायची इच्छा असलेला माणूस कोणत्याच योजनेत नावानिशी येत नाही. महाराष्ट्रात त्याची संख्या सर्वांत मोठी असावी, असे मला वाटते.

काय ठरायचे राहिले

राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ई-पुस्तक, परवाना, दूरस्थ सभासद यांतले काहीच नाही, असणार तरी कसे. अनुदानाचा वर्ग ठरताना ग्रंथसंख्या, सभासद, वर्तमानपत्रे यांसारखी गणती होते. एखाद्या ग्रंथपालाने दहा ज्येष्ठांना विश्वकोश उघडायला शिकवले, तर ते कोणत्या रकान्यात लिहायचे, हे ठरलेले नाही. राज्यभरासाठी एकच परवाना घेऊन तो बारा हजार ग्रंथालयांतून द्यावा, की प्रत्येक जिल्हा ग्रंथालयाने आपापले घ्यावे, यावर एकमत नाही. पहिल्या वाटेने पैसा वाचतो, दुसरीने स्थानिक गरज कळते. वाचक काय वाचतो याची नोंद कंपनीकडे जाऊ द्यायची की नाही, हा प्रश्न आपल्याकडे अजून कुणी मोठ्याने विचारलेला नाही. अमेरिकेत २०१९ साली ग्रंथालयांतून मिळणाऱ्या एका प्रशिक्षण सेवेने सभासदांना आपल्या संकेतस्थळावर व्यक्तिगत खाते उघडायची अट घातली, तेव्हा तिथल्या ग्रंथालय संघटनेने उघड विरोध केला होता.

सर्वांत जवळचा खुला प्रश्न ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सुमारे ६,३०० सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. सार्वजनिक ग्रंथालये त्यात नाहीत. पुढच्या टप्प्यात ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांतल्या केंद्रांमधून सर्व नागरिकांना वाट देण्याचा विचार मांडलेला आहे. तो प्रत्यक्षात आला, तर महाराष्ट्रातली कोणती ग्रंथालये निवडली जातील? केवळ जिल्ह्याची अ वर्ग ग्रंथालये घेतली, तर शहाद्याच्या वा सिरोंच्याच्या वाचकाला जिल्ह्याच्या गावापर्यंत एसटीने जावे लागेल. तालुक्यापर्यंत न्यायचे, तर तिथे दिवसभर बसणारा, इंग्रजी नियतकालिकातला लेख शोधून मराठीत समजावू शकणारा प्रशिक्षित ग्रंथपाल हवा, आणि त्याचा पगार केंद्राच्या योजनेतून की राज्याच्या अनुदानातून, हे आधी ठरावे लागेल.